शपथ आणि मीटिंग



पुनरुत्थान सणानंतरच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती. मी वस्त्रे काढून ठेवत होतो, तेवढ्यात एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे तिचे मालक होते, मान खाली घालून. ती म्हणाली, “फादर, ह्यांना वेदीपुढं उभं करा आणि शपथ द्या. मागं एकदा शपथ घेतली होती तेव्हा चार महिने सुटली होती. या वेळी बायबलावर हात ठेवून द्या.” मी दोघांना बसवून घेतले, चहा दिला, बराच वेळ बोललो. पण शपथ दिली नाही. ती रागावून गेली. पुढे दोघातिघांकडून माझ्या कानावर आले की, फादर दारुड्यांना पाठीशी घालतात.

हे बोलणे मनाला लागले. त्यात तथ्य असेल तर माझ्याकडून मोठा अपराध होतो आहे. म्हणून मी शपथ देणे का बंद केले आणि त्याऐवजी लोकांना कुठे पाठवतो, हे एकदा सविस्तर सांगावे असे वाटले. पुढे ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना विचारून लिहिले आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. पापनिवेदनात ऐकलेले यात काहीही नाही, हे वेगळे सांगायला नको.

शपथ आपल्याला नवी नाही. राखेच्या बुधवारी कितीतरी पुरुष मनाशी ठरवतात की चाळीस दिवस थेंब घ्यायचा नाही. काही जण खरोखर घेत नाहीत, आणि मग ईस्टरच्या दुपारी चाळीस दिवसांची भरपाई करतात. कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो, कुणी आईच्या फोटोवर. आपले वारकरी शेजारी गळ्यात तुळशीची माळ घालतात. माळ घातली म्हणजे दारू-मटण सुटले, हे आपल्या आंबेगाव तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माळेने सुटलेले आणि सुटलेलेच राहिलेले लोक मी पाहिले आहेत. खरे सांगायचे तर मला त्यांचा हेवा वाटे. त्यांची माळ टिकते, मग आमची शपथ का टिकत नाही? याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले. ते पुढे येईल.

देवाला दिलेले वचन म्हणजे नेमके काय, हे चर्चच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९१ वे कलम सांगते की व्रत हे जाणूनबुजून आणि मोकळ्या मनाने दिलेले वचन असले पाहिजे आणि ते शक्य असलेल्या, अधिक चांगल्या गोष्टीबद्दल असले पाहिजे. गंभीर व अन्याय्य भीतीपोटी घेतलेले व्रत मुळातच रद्द ठरते, असेही त्याच कलमात आहे. आता आपल्या शपथा आठवून पाहा. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला दोन मेहुणे, बायको रडते आहे, समोर फादर उभे आहेत. तो माणूस ‘हो’ म्हणणार नाही तर काय करील? सासऱ्यांचा धाक अन्यायाचा असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो अगदी योग्य असतो. पण त्या घटकेला त्या माणसाचे मन मोकळे आहे, असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. आणि शक्य गोष्टीचे काय? ज्याला संध्याकाळी सहापर्यंत थांबता येत नाही त्याच्याकडून आपण पुढची तीस वर्षे मागून घेतो. जे त्याच्या खिशात नाही त्याची आपण पावती फाडतो.

मग शपथ मोडते. मोडल्यावर तो दारूकडे परत जातो एवढेच नाही, तर चर्चकडे यायचा बंद होतो. कालपर्यंत तो नुसता पिणारा होता, आता देवाशी खोटे बोललेला झाला. मी माझ्या हाताने दिलेल्या शपथा ज्यांनी मोडल्या त्यांतील बरेच जण पुढे मागच्या बाकावरही दिसेनात. त्यांना वेदीजवळ आणण्यासाठी जी गोष्ट केली, तिनेच त्यांना फाटकाबाहेर घालवले.

एका प्रसंगाने मी कायमचा शहाणा झालो. तो सांगताना आजही लाज वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी असताना, वीस-बावीस वर्षे रोज पिणाऱ्या एका माणसाला मी रविवारी शपथ दिली. त्याने ती पाळली. सोमवारी त्याचे हात कापू लागले, घाम फुटला, झोप लागेना. मंगळवारी रात्री त्याला भिंतीवर साप दिसू लागले आणि तो मेलेल्या आईशी बोलू लागला. घरच्यांना वाटले, बाहेरचे काहीतरी लागले. फादर, पवित्र पाणी घेऊन या, असा निरोप आला आणि मीही ते घेऊन निघालो! वाटेत कॉन्व्हेंटमधील एका नर्स सिस्टरांना सोबत घेतले म्हणून तो वाचला. सिस्टरांनी त्याचा हात धरून पाहिला आणि मला म्हणाल्या, “फादर, प्रार्थना गाडीत करा. आधी गाडी काढा.” डॉक्टरांनी नंतर समजावले की, शरीर वर्षानुवर्षे दारूला सरावलेले असेल आणि ती एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची असते. हे वाक्य कृपा करून घरी वाचून दाखवा. तो माणूस देवाला दिलेला शब्द पाळत होता आणि त्यापायी मरता मरता वाचला. आणि तो शब्द त्याच्याकडून घेतला होता मी.

मग दारू पिणारा आजारी म्हणायचा की पापी? आपल्या गावात हा प्रश्न बहुधा एवढ्याचसाठी विचारला जातो की त्याची कीव करायची की त्याला झोडपायचे, हे ठरवता यावे. प्रश्न मात्र जुना आहे. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःविषयी कबुली देतो की मनाची इच्छा एक असते आणि हातून घडते दुसरेच. संत ऑगस्टीन सवयीला साखळी म्हणतो. आपणच एकेक कडी जोडतो आणि मग तिनेच बांधले जातो. त्याच ऑगस्टीनने आपल्या आईविषयी, संत मोनिकाविषयी, लिहिलेली एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. लहानपणी मोनिकाला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. ती आधी नुसते ओठ लावी, मग घोट, मग पेला. एक दिवस घरातील दासीने भांडणात तिला दारुडी म्हणून टोमणा मारला आणि मोनिकेची सवय तिथेच सुटली. टोमण्याने सवय सुटते, ही आशा आपल्या बायका अजून बाळगून आहेत. पण ती मुलगी होती, साखळीला अजून थोड्याच कड्या होत्या. वीस वर्षांच्या साखळीला टोमणा पुरत नाही. उलट टोमणा ऐकूनच माणूस गुत्त्याकडे वळतो.

ॲरिस्टॉटलने दगडाचे उदाहरण दिले आहे. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही. पण तो उचलून फेकणे तुझ्या हातात होते. पहिला भाग पिणाऱ्याला लागू पडतो, दुसरा भाग त्याला आठवत नाही, कारण पहिला दगड त्याने सतराव्या वर्षी, कुणाच्या तरी वरातीत फेकलेला असतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ १७३५ व्या परिच्छेदात मान्य करतो की सवय, भीती, मनाचे विकार यांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी संपूही शकते. तेव्हा चर्च त्याला नुसता पापी म्हणून सोडून देत नाही.

पण म्हणून तो सुटला का? नाही. मला वाटते, आजारी की पापी याऐवजी एकच विचारावे: त्याच्या हातात अजून काय उरले आहे? पहिल्या घोटानंतर त्याचे काही चालत नाही. संध्याकाळी पगाराची उचल खिशात आणि परमिट रूमची पाटी समोर, तेव्हाही फारसे चालत नाही. पण सकाळी दहा वाजता, डोके ताळ्यावर असताना, एस.टी.त बसायचे की नाही हे त्याच्या हातात असते. डॉक्टरकडे जायचे की नाही, खरे बोलायचे की नाही, हे असते. त्याचे स्वातंत्र्य आक्रसून एवढ्याशा जागेत येऊन राहिले आहे, आणि त्या जागेपुरता तो पूर्ण जबाबदार आहे. दारू सुटत नाही म्हणून मी त्याला दोष देणार नाही. मदत असताना ती घ्यायला जात नाही, याचा मात्र जरूर देईन.

आणखी एक गोष्ट, विशेषतः पुरुषांसाठी. ‘नशेत होतो, हात उठला’ हे कारण मी ऐकून घेत नाही. प्राचीन ग्रीसमध्ये मिटिलीनी शहराचा शासक पिट्टाकस याने कायदा केला होता की नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा. दुप्पट शिक्षेवर वाद होऊ शकेल. पण मार खाणाऱ्या बाईने नवरा बरा होईपर्यंत मार खात बसावे, असे चर्चने कधी शिकवलेले नाही. तिला माहेरी जावेसे वाटले, पोलिसात जावेसे वाटले, तर फादर काय म्हणतील ही भीती तिने बाळगू नये.

आता मीटिंगविषयी. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल हॉटेलात एकटा उभा होता. त्याने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती, ज्या धंद्यासाठी आला होता तो बुडाला होता आणि समोर हॉटेलचा बार होता. त्याला उमगले की या क्षणी आपल्याला उपदेशकाची नाही, दुसऱ्या एखाद्या दारुड्याची गरज आहे. त्याने चर्चची यादी पाहून एका पाळकांना फोन लावला. तिथून ओळखीतून ओळख निघत डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटे बसेन म्हणाले आणि सहा तास बसले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ए.ए., या संघटनेचा जन्मदिवस मानतात. भारतात ती १९५७ पासून आहे.

हा दुसऱ्या पंथाचा काही प्रकार तर नाही, अशी शंका मला विचारली गेली आहे. नाही. ए.ए. कोणत्याच धर्माची नाही. देव तुम्हाला जसा कळला आहे तसा, एवढेच ते म्हणतात. ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १९३९ पासून पिणाऱ्यांना दाखल करून घेणाऱ्या सिस्टर इग्नेशिया कॅथलिक धर्मभगिनी होत्या. बिल विल्सन ज्यांचा सल्ला घेत, ते फादर डाऊलिंग जेज्वीट होते. आपल्या महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः दारूच्या व्यसनातून उठलेले धर्मगुरू, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. धर्मगुरूंनाही हा आजार होतो, हे आपण विसरू नये.

आपल्यातील एक गृहस्थ, त्यांना आपण दादा म्हणू, मीटिंगला यायला तयार झाले ते एकाच अटीवर: ओळखीचे कुणी दिसता कामा नये. निरगुडसरात कोण कुठल्या एस.टी.त चढला हे संध्याकाळपर्यंत कारखान्यापर्यंत पोचते, तेव्हा त्यांची अट मला पटली. मंगळवारी मी गाडी काढली. मंचर, राजगुरुनगर, चाकण करीत आम्ही पिंपरी-चिंचवडमधील एका शाळेच्या खोलीत पोचलो. काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी बंद असतात, काही सर्वांना खुल्या असतात. ही खुली होती, म्हणून मलाही बसता आले. मी साध्या कपड्यांत होतो. मी कोण, हे कुणी विचारले नाही.

मुलांच्या लहान बाकांवर वीसेक माणसे अवघडून बसलेली. एकेक जण उठे, नुसते पहिले नाव सांगे, मी अल्कोहोलिक आहे म्हणे आणि आपली हकीकत सांगे. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. एक ड्रायव्हर म्हणाला की शनिवारी मी पुन्हा प्यालो. मी आपल्या सवयीने वाट पाहिली की आता कुणीतरी त्याला बोलणार. कुणी बोलले नाही. शेजारच्याने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला, आणि येत राहा, एवढेच म्हणाला. तिथे कुणी जन्मभराची शपथ घेत नाही. आजचा दिवस प्यायचो नाही, एवढेच. आपणही भाकर आजच्यापुरतीच मागतो, हे रोज दोनदा म्हणून माझ्या लक्षात आले नव्हते. शेवटी वर्गणीची थैली फिरली. मी खिशात हात घातला तर शेजाऱ्याने हळूच माझा हात धरला, “बाहेरच्यांकडून घेत नाही आम्ही.” दानपेटीवर चर्च चालवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करा.

मी प्रायश्चित्त संस्काराला कमी लेखत नाही. पापांची क्षमा तिथेच मिळते, मीटिंगमध्ये नाही. पण क्षमा मिळालेला माणूस बाहेर पडतो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजायचे बाकी असतात. त्या सहा वाजता त्याच्याबरोबर कोण असते? आणि इथेच मला माळेचे उत्तर मिळाले. माळ घातलेल्याच्या घरी हरिपाठाची मंडळी येतात, एकादशीला कुणी हाक मारते, आषाढीला दिंडी निघते. माळ एकटी नसते, तिच्यामागे माणसे असतात. आम्ही शपथ दिली आणि माणसाला एकटे घरी पाठवले.

परत येताना दादा चाकणपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “फादर, तिथं मला कुणी बिचारा म्हणालं नाही, आणि नालायकही म्हणालं नाही.” त्यानंतर सात महिने ते जात आहेत. या काळात दोनदा पडले. एकदा रात्री उसाच्या बांधावर सापडले. आपल्याकडे बिबटे किती झालेत ते तुम्ही जाणता, देवाची कृपा म्हणून हाती लागले. पण दोन्ही वेळा पुढच्या मंगळवारी गाडीत होते, आणि रविवारी मिस्सेलाही. सर्वांचे असे होत नाही. माझ्याबरोबर एकदा येऊन पुन्हा न आलेलेही आहेत.

ज्यांना आधी उपचारांची गरज आहे त्यांच्यासाठी पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केले. तिथले उपचार साधारण पाच आठवड्यांचे असतात आणि नंतरही पाठपुराव्याला बोलावतात. पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. ए.ए.च्या धर्तीवर कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉनच्याही मीटिंगा चालतात. ए.ए.ला फी नाही, नोंदवही नाही, जातधर्म विचारत नाहीत. प्रवेशाची अट एकच, दारू सोडायची इच्छा. जागा आणि वेळा बदलत असतात, म्हणून त्या इथे छापत नाही, माझ्याकडे विचारा.

त्या रागावलेल्या भगिनीला मी नंतर घरी जाऊन हेच सारे सांगितले. ती म्हणाली, “हे नाही आले तर?” मी म्हणालो, “तर तुम्ही जा.” गेल्या महिन्यात ती जावेला सोबत घेऊन बायकांच्या मीटिंगला जाऊन आली. मालक अजून गेलेले नाहीत. तिथे माझ्याबद्दल काय काय सांगितलेस, असे त्यांनी तिला दोन दिवस विचारले. ती म्हणाली, “तुमच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगितलं.” तेव्हापासून ते जरा विचारात आहेत, असे तीच मला म्हणाली.

मंगळवारी दुपारी तीन वाजता माझी गाडी चर्चच्या फाटकातून निघते. अजून तीन जागा आहेत. ज्यांना इथे गाडीत बसताना कुणी पाहू नये असे वाटते त्यांनी साडेतीनला मंचरच्या एस.टी. स्टँडबाहेर थांबावे, मी हाक मारणार नाही, नुसता गाडी उभी करीन.

तुमचे फादर